संबंध आणि कारक : पेरूजा खटल्यातील डीएनए-पुराव्याचे भाषिक परीक्षण

१ नोव्हेंबर २००७ च्या रात्री इटलीतील पेरूजा या विद्यापीठनगरीत मेरेडिथ कर्चर या २१ वर्षांच्या इंग्रज विद्यार्थिनीचा तिच्या राहत्या घरी खून झाला. तिच्याच घरात राहणारी अमेरिकन विद्यार्थिनी अमांडा नॉक्स आणि नॉक्सचा इटालियन मित्र राफाएले सोल्लेचितो यांना ६ नोव्हेंबरला अटक झाली. पुढे त्याच महिन्यात रुडी गेडे हा तिसरा तरुण जर्मनीत सापडला. गेडेवरील खटला वेगळा चालला व तुलनेने लवकर संपला. नॉक्स आणि सोल्लेचितो यांच्यावरील खटला मात्र आठ वर्षे हेलकावे खात राहिला. पेरूजाच्या प्रथम न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये त्यांना अनुक्रमे २६ व २५ वर्षांची शिक्षा दिली. ऑक्टोबर २०११ मध्ये अपील न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. मार्च २०१३ मध्ये रोमच्या सर्वोच्च न्यायालयाने ती निर्दोषता रद्द केली. जानेवारी २०१४ मध्ये फ्लॉरेन्सच्या न्यायालयाने पुन्हा शिक्षा सुनावली. आणि २७ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने, खटला पुन्हा खाली न पाठविता, दोघांना अखेरचे मुक्त केले.

इटालियन न्यायपद्धतीत निकाल आधी जाहीर होतो आणि त्याची कारणमीमांसा नंतर लिखित स्वरूपात दाखल होते. त्यामुळे या खटल्याने मागे ठेवलेले वाङ्मय अवाढव्य आहे. प्रथम न्यायालयाची कारणमीमांसा एकटीच ४२७ पृष्ठांची आहे. या निकालपत्रांचा विचार आजवर कायदेपंडितांनी केला, अनुवंशशास्त्रज्ञांनी केला, गणितज्ञांनीही केला. परंतु त्यांच्या वाक्यांचा विचार, म्हणजे प्रयोगशाळेत उच्चारलेले एक विधान न्यायालयात पोचेपर्यंत व्याकरणदृष्ट्या कसे पालटत गेले याचा विचार, जवळजवळ उपेक्षितच राहिला आहे. वादाचे मूळ तेथे आहे असे या निकालपत्रांच्या वाचनातून दिसते.

खटल्यातील सर्वात गाजलेले वाक्य मराठीत असे मांडता येईल : ‘सुऱ्याच्या पात्यावर कर्चरचा डीएनए.’ सुरा सोल्लेचितोच्या स्वयंपाकघरातील खणातून उचललेला होता. मुद्देमालात त्याचा क्रमांक ३६. मुठीवरील नमुन्यात नॉक्सचा डीएनए मिळाला. यात आश्चर्य काहीच नव्हते, कारण त्या घरी तिचे जाणे-येणे आणि स्वयंपाक करणे होतेच. पात्यावरील ‘ब’ नमुन्यात कर्चरचा डीएनए मिळाल्याचे पोलिसांच्या रोम येथील प्रयोगशाळेने सांगितले, आणि कर्चर तर त्या घरी कधीच गेलेली नव्हती. विधानाचे सारे बळ या शेवटच्या गोष्टीत होते.

आता या विधानाची घडण पाहावी. त्यात क्रियापद नाही. एक षष्ठी आहे, ‘कर्चरचा’. आणि एक अधिकरणवाचक अव्यय आहे, ‘वर’. आपल्या व्याकरणपरंपरेत षष्ठीला कारकांच्या पंक्तीत बसविलेले नाही, हे येथे मुद्दाम आठवावे. कारक म्हणजे क्रियेशी साक्षात् नाते असलेला अर्थ. षष्ठीने दाखविला जातो तो केवळ संबंध, एका नामाचा दुसऱ्या नामाशी असलेला. अधिकरण हे कारक खरे, पण येथे ज्या क्रियेचे ते अधिकरण आहे ती अध्याहृत क्रिया ‘असणे’ एवढीच. प्रयोगशाळेला बोलता येते ते इतकेच : अमक्याचे, तमक्यावर, आहे. न्यायालयाला जे हवे असते ते याच्या पलीकडचे : कोणी, कशाने, कोठून, केव्हा. कर्ता, करण आणि अपादान यांवाचून खुनाचे वाक्य पूर्ण होत नाही. ‘चा’ आणि ‘वर’ या दोन प्रत्ययांतून ‘ने’ आणि ‘हून’ हे प्रत्यय कोणत्याही यंत्राने निष्पन्न होत नाहीत.

न्यायवैद्यक अनुवंशशास्त्राला ही गोष्ट अपरिचित नाही. इंग्लंडमधील कुक, एव्हेट आदी शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये विधानांची एक श्रेणी मांडली. तीत नमुना कोणाचा हा एक स्तर, तो कोणत्या कृतीतून आला हा त्यावरचा, आणि अपराध कोणी केला हा त्याहूनही वरचा. खालच्या स्तरावरील खात्री आपोआप वर चढत नाही, हे त्या मांडणीचे सार. पीटर गिल यांनी पेरूजा खटल्याच्या चिकित्सेत हाच निकष लावून, डीएनए सापडणे आणि कृती घडणे यांची गल्लत हा तेथील मूळ दोष असल्याचे प्रतिपादन केले आहे. गिल हे अलेक जेफ्रिस यांचे १९८५ मधील सहलेखक, म्हणजे या शास्त्राच्या पहिल्या दिवसांचे साक्षीदार. त्यांचे मत म्हणूनच वजनदार आहे.

पण पेरूजाच्या सुऱ्याबाबत खालचा स्तरही बळकट नव्हता. एका मानवी पेशीत सुमारे ६ पिकोग्रॅम डीएनए असतो. १०० पिकोग्रॅमच्या आतबाहेरचे नमुने, म्हणजे अवघ्या दहावीस पेशींचा ऐवज, अत्यल्प समजून त्यांना विशेष दक्षतेने हाताळावे असा संकेत आहे; कारण इतक्या थोड्या द्रव्याची कृत्रिम आवृत्ती करताना काही खुणा गळतात आणि काही उपऱ्या खुणा आत शिरतात. अशा वेळी नमुन्याचे भाग करून आवृत्ती किमान दोनदा करतात आणि दोन्ही वेळा दिसेल तेवढेच खरे धरतात. पात्यावरील ‘ब’ नमुना मोजला असता यंत्राने दिलेला शेरा ‘टू लो’, म्हणजे ‘अतिशय कमी’, असा होता. तरीही आवृत्ती एकदाच केली गेली. आलेखातील बहुतेक शिखरे रूढ ५० एककांच्या रेषेखाली राहिली. रक्ताची चाचणी नकारात्मक आली. २०११ मध्ये अपील न्यायालयाने नेमलेले रोमच्या सापिएन्झा विद्यापीठातील तज्ज्ञ कार्ला वेक्कियोत्ती आणि स्तेफानो कोन्ती यांनी नेमक्या या गोष्टींवर बोट ठेवले. इटालियन निकालपत्रांच्या भारदस्त गद्यात ‘टू लो’ हे दोन इंग्रज शब्द वारंवार भेटतात. यंत्राचा शेरा यंत्राच्याच बोलीत राहिला, त्याचा अर्थ लावणारी वाक्ये मात्र भरघोस इटालियनमध्ये लिहिली गेली.

येथे इटालियन कायद्यातील एका संज्ञेचा उल्लेख करणे अवश्य आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३६० व्या कलमात ‘इर्रिपेतीबिले’, म्हणजे पुन्हा करता न येणाऱ्या, तांत्रिक परीक्षणाची तरतूद आहे. नमुना तपासणीतच संपून जाणार असेल तर आरोपीच्या तज्ज्ञांना सूचना देऊन परीक्षण उरकावे आणि त्याचा निष्कर्ष पुराव्यात दाखल करावा, अशी ती व्यवस्था. विधिभाषेत ‘अपुनरावर्तनीय’ हे विशेषण अशा रीतीने पुराव्याला ग्राह्य करणारे, त्याला एक प्रकारचा विशेषाधिकार देणारे आहे. विज्ञानभाषेत तेच विशेषण निष्कर्षाला कमीपणा आणते. एकच शब्द दोन शास्त्रांत दोन परस्परविरुद्ध मूल्ये वागवितो, आणि दोन्ही शास्त्रे एकाच न्यायदालनात बोलत असल्याने हा भेद कोणाला जाणवत नाही. २०१५ च्या निकालपत्राचे श्रेय हे की त्याने तो ओळखला. परीक्षण कायद्याने विधिवत् झाले म्हणून ते शास्त्राने सिद्ध झाले असे होत नाही; ज्याची पुनःपरीक्षा झाली नाही त्या निष्कर्षाला ‘प्रोवा’ म्हणजे पुरावा तर नाहीच, पण ‘इंदीत्सिओ’ म्हणजे गमक हेही मूल्य देता येत नाही, असा त्या न्यायालयाचा निर्णय आहे. संहितेचे १९२ वे कलम गमके गंभीर, नेमकी आणि एकमेकांशी जुळणारी असावीत असे सांगते. पात्यावरील नमुना ‘नेमका’ या दुसऱ्याच अटीवर अडतो.

गणिताच्या बाजूने याला एक आक्षेप घेतला गेला आहे व तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. लीला श्नेप्स आणि कोराली कोल्मेझ या मायलेकींनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात नाण्याच्या दृष्टांताने असे दाखविले की, एक अनिश्चित चाचणी दुसऱ्यांदा करून तोच निष्कर्ष आला तर दोहोंची एकत्रित खात्री पुष्कळच वाढते. म्हणून सुऱ्यावर नव्याने सापडलेला अंश तपासण्यास २०११ च्या अपील न्यायालयाने दिलेला नकार चुकीचा होता. दोन कच्च्या चाचण्या मिळून कच्च्याच राहतात ही समजूत भ्रामक आहे, एवढ्यापुरते त्यांचे म्हणणे मान्यच करावे लागेल. तो अंश पुढे फ्लॉरेन्सच्या न्यायालयासाठी काराबिनिएरी दलाच्या तज्ज्ञांनी रीतसर दोनदा आवृत्ती करून तपासला, आणि तो नॉक्सचा निघाला, कर्चरचा नव्हे. मात्र तो कर्चरचा निघाला असता तरी खात्री वाढली असती ती ‘चा’ या प्रत्ययाची. ‘हून’चा प्रश्न, म्हणजे तो पात्यावर जखमेतून आला की कर्चरचे अनेक नमुने ज्या प्रयोगशाळेत हाताळले जात होते तेथून आला, हा प्रश्न नाणे कितीही वेळा उडविले तरी जागचा हलत नाही.

क्रियापदाविना असलेले वाक्य ऐकणाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही. तो आपल्या पदरचे क्रियापद त्यात घालतो. या नियमाचे सर्वात करुण उदाहरण आरोपीनेच पुरविले आहे. पात्यावर कर्चरचा डीएनए मिळाल्याचे तुरुंगात कळल्यावर सोल्लेचितोने आपल्या रोजनिशीत लिहिले की स्वयंपाक करताना सुऱ्याचे टोक चुकून तिच्या हाताला लागले होते. असे काही घडलेच नव्हते. सरकारपक्षाने हे असत्य त्याच्या अपराधाचे चिन्ह मानले, आणि पुराव्याच्या एरवीच्या रीतीला धरूनच ते झाले. परंतु भाषेच्या अंगाने पाहता त्या तरुणाने न्यायाधीशांहून वेगळे काहीच केलेले नाही. अधिकृत प्रयोगशाळेने एक संबंध त्याच्यापुढे ठेवला; तो खरा आहे असे गृहीत धरून त्याने त्याला शोभेल अशी क्रिया रचली. न्यायालयाने वेगळी क्रिया रचली, इतकेच. नॉक्सने तो सुरा आपल्या पिशवीतून वाहून नेला असावा ही प्रथम न्यायालयाची उपपत्तीही अशीच, वाक्य पुरे करण्यासाठी निर्माण झालेली आहे.

दुसरा महत्त्वाचा मुद्देमाल, क्रमांक १६५, म्हणजे कर्चरच्या अंतर्वस्त्राची तुटलेली आकडी. तिच्यावर संमिश्र डीएनए मिळाला व त्यातील गौण घटक सोल्लेचितोचा ठरविला गेला. ही आकडी पहिल्याच तपासणीत पोलिसांच्या नजरेस पडली होती, तिचे छायाचित्रही घेतले होते, पण उचलली गेली ती १८ डिसेंबरला, ४६ दिवसांनी, मूळ जागेपासून दूर आणि दरम्यान घरातील सामानाची उलथापालथ झालेली असताना. पुढे ती अशा रीतीने जपून ठेवली गेली की तिला गंज चढला आणि फेरतपासणी अशक्य झाली. कर्चरच्या खोलीचे बंद दार फोडण्याचा प्रयत्न सोल्लेचितोने २ नोव्हेंबरला केला होता, हेही विसरता येत नाही. येथे ‘वर’ हा प्रत्ययच डळमळतो. कारण वस्तू स्वतःच एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेलेली आहे.

निकालपत्रांच्या गद्यात दोन पदबंध सतत डोकावतात. सुऱ्याविषयी आणि जखमेविषयी बोलताना ‘सुसंगत’ आणि त्याहून सावध असे ‘विसंगत नव्हे’. दूषणाविषयी बोलताना ‘शक्यता नाकारता येत नाही’. पहिला सरकारपक्षाचा आवडता, दुसरा बचावपक्षाचा. दोन्ही पक्ष एकमेकांच्या पदबंधाला हसतात, पण ते जुळे आहेत. जगातील असंख्य सुरे त्या जखमेशी विसंगत नव्हते, आणि जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत दूषण अशक्य नाही. दुहेरी नकाराचा असा प्रयोग अज्ञानाला ज्ञानाचा पोशाख चढवितो. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाने ‘काहीही शक्य आहे’ या धर्तीच्या युक्तिवादावर ओढलेला कोरडा रास्तच होता. दूषणाचा दावा करणाऱ्याने त्याचा मार्ग दाखवावा, ही त्याची मागणीही वरवर पाहता न्याय्य वाटते. अडचण अशी की, ज्या परीक्षणाच्या पद्धतीतच मार्ग दिसू शकत नाही तेथे तो आरोपीने दाखवावा असे म्हणणे म्हणजे गमकाचे नेमकेपण सिद्ध करण्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकणे होय. आणि ‘विसंगत नव्हे’ म्हणणाऱ्याकडून तशीच मागणी त्या निकालपत्राने केलेली नाही.

गेडेविरुद्धचा पुरावा याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. त्याचा डीएनए मृतदेहावर, कपड्यावर आणि पिशवीवर मिळाला. शिवाय प्रेताखालच्या उशीवर त्याच्या तळहाताचा रक्ताळलेला ठसा होता. रक्त जखमेनंतरच वाहते. म्हणजे या ठशाने आपली क्रिया आणि आपला काळ दोन्ही बरोबर आणले होते. वाक्य पुरे करण्यासाठी न्यायाधीशांना कल्पना लढवावी लागली नाही.

२०१५ च्या निकालपत्राची स्तुती मात्र एका मर्यादेतच करता येते. तपासातील दोषांची नोंद करताना त्याने ‘देफायांस’ हा फ्रेंच शब्द आणि ‘स्मृतिभ्रंश’ हे रूपक वापरले, यावरून त्याचा रोष ध्यानात येतो. परंतु सुऱ्याविषयी इतकी काटेकोर असणारी ही लेखणी न्हाणीघरापाशी येताच सैल पडते. नॉक्स आणि कर्चर जे लहान न्हाणीघर सामाईक वापरीत तेथे दोघींचा संमिश्र डीएनए मिळाला होता. नॉक्सचा कर्चरच्या रक्ताशी संपर्क आला आणि तिने ते धुतले याचे हे बोलके चिन्ह आहे असे न्यायालय म्हणते. आणि लगेच, ते निःसंदिग्ध मात्र नव्हे, अशी पुस्ती जोडते. रोज जेथे नॉक्स तोंड धूत असे तेथे तिचा डीएनए असणार नाही तर कोणाचा? संबंधातून क्रियेकडे घेतलेली हीच ती उडी. इतरांची पकडल्यानंतर न्यायालयाने स्वतः मारलेली.

याहून गंभीर गोष्ट अशी की खुनाच्या वेळी नॉक्स घरात होती हे सिद्ध झाल्याचे त्या निकालपत्राने मानले. ते डीएनएवरून नव्हे, तर तिच्या स्वतःच्या जबान्यांवरून आणि लेखनावरून. त्या जबान्यांचा इतिहास भाषिक आहे. ती ज्याच्या मद्यगृहात काम करीत असे त्या पॅट्रिक लुमुंबाने त्या संध्याकाळी कामावर येऊ नकोस असे कळविले; तिने इटालियनमध्ये उत्तर पाठविले, ‘ची वेदियामो प्यू तार्दी’, आणि शुभसंध्येच्या शुभेच्छा. इंग्रजीत ‘नंतर भेटू’ हा निव्वळ निरोपाचा शब्द, आपल्या ‘येते हं’सारखा, येण्याचे वचन त्यात नसते. शब्दशः इटालियनमध्ये उतरल्यावर तो भेटीचा संकेत झाला. ५ नोव्हेंबरच्या रात्रीपासून पहाटेपर्यंत चाललेल्या चौकशीत तो तसाच वाचला गेला आणि तिने लुमुंबाचे नाव घेतले. निरपराध लुमुंबा दोन आठवडे कोठडीत राहिला. त्याच्यावर झालेला अन्याय या खटल्याच्या चर्चेत फार थोड्यांना आठवतो. २४ जानेवारी २०१९ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्या चौकशीत तिला वकील आणि योग्य दुभाषी यांचे साहाय्य मिळाले नाही, दुभाषीने मध्यस्थाची भूमिका घेतली, असा निर्णय दिला. तथापि खोट्या आरोपाबद्दलची तिची शिक्षा, यावेळी त्याच दिवशी तिने इंग्रजीत लिहिलेल्या टिपणाच्या आधाराने, जून २०२४ मध्ये फ्लॉरेन्समध्ये पुन्हा कायम झाली व जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली. पात्यावरील दहावीस पेशींना दोनदा तपासल्यावाचून गमकही मानू नये म्हणणाऱ्या २०१५ च्या पीठाने, मध्यरात्री परभाषेत घेतलेल्या जबानीला तीच कसोटी लावली असती, तर नॉक्स घरात होती हे विधान त्याला इतक्या निःशंकपणे करता आले असते काय?

निर्दोषतेच्या शब्दयोजनेतही एक गुंता शिल्लक आहे. १९३० च्या जुन्या संहितेत ‘पुरावा अपुरा म्हणून’ असे सुटकेचे वेगळे सूत्र होते. १९८८ च्या संहितेने ते काढून टाकले आणि पुरावा नसणे, अपुरा असणे वा परस्परविरोधी असणे या साऱ्यांचा शेवट पूर्ण निर्दोषतेतच होईल असे ५३० व्या कलमात ठरविले. त्यामुळे निकालाचे सूत्र ‘त्यांनी कृत्य केले नाही म्हणून’ असे निश्चयार्थी आहे, तर कारणमीमांसेचा सूर शेवटपर्यंत संशयार्थी. दोन्ही पक्षांचे कैवारी आजही त्याच दस्तऐवजातून आपापल्या सोयीचे उतारे काढतात याचे कारण हा सूत्र आणि सूर यांतील विसंवाद होय.

गेडेला प्रथम ३० वर्षांची शिक्षा झाली होती. अपिलात ती १६ वर्षांवर आली आणि डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या अंतिम निकालपत्रात अपराध ‘इतरांसह’ घडल्याचे नमूद आहे. २०१५ नंतर या अनेकवचनी सर्वनामाला कायद्याच्या दृष्टीने कोणताही निर्देश्य उरला नाही. ही विसंगती पुढे करून गेडेने फेरविचाराचा अर्ज केला. जानेवारी २०१७ मध्ये फ्लॉरेन्सच्या न्यायालयाने तो फेटाळला. नोव्हेंबर २०२१ मध्ये शिक्षा भोगून तो बाहेर आला. ‘इतर’ हा शब्द त्या निकालपत्रात जसा होता तसाच आहे.